बेहरूझ बूचानी : मानुसच्या कैदेतलं पुस्तक नेमकं लिहिलं कसं गेलं?

अक्षरखूण

ऑस्ट्रेलियाने मानुस बेटावर कैदेत ठेवलेल्या बेहरूझ बूचानी या कुर्द पत्रकाराची 'व्हॉट्सॲपवर लिहिलेलं पुस्तक' एवढ्यावर बोळवण होताना दिसते. बातमीच्या मथळ्याला ते ठीक आहे, पण त्यातून दोन गैरसमज पक्के होतात. एक, हे पुस्तक म्हणजे मेसेजेसची चळत आहे. दुसरा, बोटीतून पळून आलेल्या एका साध्या माणसाला तुरुंगाने लेखक केलं. दोन्ही चूक. त्याच्या 'नो फ्रेंड बट द माउंटन्स' या पुस्तकावर बोलायचं तर ते तयार होण्याची सगळी साखळी समजून घ्यावी लागते. म्हणून हा धागा.

आधी माणूस. जन्म २३ जुलै १९८३, इराणच्या पश्चिम सीमेवरच्या इलाममध्ये. वंशाने कुर्द. इराण-इराक युद्ध १९८० ते ८८ चाललं आणि इलाम हा ऐन सीमेवरचा प्रांत, त्यामुळे डोंगरात लपणारी कुटुंबं हे त्याचं बालपण. तेहरानला राज्यशास्त्र, राजकीय भूगोल आणि भूराजनीती असं शिक्षण. पुढे पत्रकारिता, आणि 'वेर्या' या कुर्दी मासिकाचं काम. १७ फेब्रुवारी २०१३ रोजी रिव्होल्यूशनरी गार्ड्सनी 'वेर्या'च्या इलाममधल्या कचेरीवर धाड घालून ११ सहकाऱ्यांना पकडलं. बूचानी त्या दिवशी तेहरानात होता म्हणून वाचला. अटकेची बातमी त्याने इंटरनेटवर जाहीर केली आणि मग स्वतःच भूमिगत झाला. २३ मे २०१३ ला इराण सोडलं. म्हणजे मानुसला पोचायच्या आधीच तो मुरलेला पत्रकार होता.

इंडोनेशियातून पहिला प्रयत्न बोट बुडाल्याने फसला. दुसऱ्या खेपेला जुलैमध्ये ऑस्ट्रेलियाच्या नौदलाने बोट अडवली आणि सगळ्यांना ख्रिसमस बेटावर नेलं. मध्ये एक तारीख येते, १९ जुलै २०१३. त्या दिवशी पंतप्रधान केव्हिन रड यांनी जाहीर केलं होतं की यापुढे व्हिसाशिवाय बोटीने येणाऱ्या कुणालाही ऑस्ट्रेलियात वसू दिलं जाणार नाही. बूचानी पोचला तो त्यानंतर अवघ्या काही दिवसांनी. २७ ऑगस्टला त्याची रवानगी पापुआ न्यू गिनीच्या मानुस बेटावर झाली.

आता लिहिण्याचं. छावणीत सुरुवातीची वर्षं मोबाइलवर बंदी होती. सिगारेटी आणि कपडे देऊन, बदल्यात चोरून फोन मिळवायचा. लपवायची जागा म्हणजे गादी. गादीला आतून भोक पाडून त्यात फोन. झडत्या पहाटे चार-पाचला, माणसं झोपेत असताना व्हायच्या. एकदा त्याचा फोन गेला तो तसाच. फोन जातो तेव्हा त्यातला मजकूरही जातो, म्हणून लिहिलेलं फोनमध्ये साठवायचं नाही, ताबडतोब बाहेर पाठवायचं, हा नियम. व्हॉट्सॲपचा संबंध एवढाच. ती त्याची तिजोरी होती, शैली नव्हे. कागदाचं तर आणखी अवघड. कागद लपत नाही, भिजतो, आणि बेटाबाहेर न्यायला कुणीतरी माणूस लागतो.

मजकूर जायचा सिडनीतल्या मूनेस मन्सूबी यांच्याकडे. त्या तो जुळवून पीडीएफ करायच्या आणि अनुवादक ओमिद तोफिगियान यांना पाठवायच्या. तोफिगियान तत्त्वज्ञानाचे अभ्यासक. एकेक प्रकरण यायचं ते एका लांबलचक मेसेजसारखं, परिच्छेदाचा पत्ता नाही. कुठे तोडायचं, कुठे श्वास घ्यायचा, हे मग लेखक आणि अनुवादक पुन्हा मेसेजवरूनच ठरवायचे. सजाद कबगानी आणि मन्सूबी या दोघा अनुवाद-सल्लागारांबरोबर तोफिगियान यांच्या बैठका व्हायच्या, त्यात शब्दाशब्दाचा कीस पाडला जायचा. इराणमधल्या काही मित्रांनाही बूचानी मजकूर दाखवत होता. असं मिळून सुमारे पाच वर्षं. पुस्तक आलं ३१ जुलै २०१८ ला, पिकाडोर ऑस्ट्रेलियाकडून, आणि ते आधी इंग्रजीत. मूळ फारसी पुस्तक इराणात चेश्मे प्रकाशनाने काढलं ते २०२० साली. मूळ नंतर आणि अनुवाद आधी, असा उलटा प्रवास.

ज्यांनी वाचलंय त्यांनी भर घालावी. विशेषतः भाषेबद्दल.

---

दर्यावर्दी

धागा उत्तम. भूगोल नीट मांडतो, कारण 'बेटावरची छावणी' म्हटलं की वाचक नारळाची झाडं डोळ्यासमोर आणतो.

मानुस विषुववृत्ताच्या जेमतेम दोन अंश दक्षिणेला. मुख्य गाव लोरेंगाऊ. छावणी होती लोम्ब्रुम नौदल तळावर, म्हणजे काटेकोरपणे लॉस नेग्रोस या शेजारच्या बेटावर, जे मानुसला पुलाने जोडलेलं आहे. तळ दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांनी उभारलेला. आत कुंपणं घालून पाडलेले वेगवेगळे भाग आणि त्यांची नावं लष्करी वर्णमालेतली : फॉक्सट्रॉट, डेल्टा, ऑस्कर, माइक. बूचानी फॉक्समध्ये. तिथे 'पी टनेल' म्हणून अर्धगोल पत्र्याची युद्धकाळातली शेड होती, तीत शंभराहून जास्त माणसं दुमजली बंकांवर. पत्र्याखाली विषुववृत्तावरचा दमटपणा, आणि हवा फक्त पंख्याची.

इथून पुस्तकातलं जनरेटरचं प्रकरण कळतं. जनरेटर बंद पडला की पंखे थांबतात, एवढंच नाही. पाणी पंपावर असल्याने नळही थांबतात, आणि पाठोपाठ संडास तुंबतात. एका यंत्राच्या बिघाडावर शेकडो माणसांची मनःस्थिती टांगलेली. बूचानी त्या यंत्राकडे पात्र म्हणून बघतो आणि ते यंत्र नेमकं कधी बंद पडतं याचा हिशेब लावत बसतो. हिशेब लागत नाही, आणि न लागणं हीच व्यवस्था आहे, असा त्याचा निष्कर्ष.

---

तिरकस

पण मग हे आत्मचरित्र की कादंबरी? नावं तर सगळी टोपणनावं दिसतात. आणि ऑस्ट्रेलियाने शेवटी त्याला आसरा दिलाच ना, मग एवढी ओरड कशाची?

---

पाऊलवाट

@तिरकस, दुसरं आधी. ऑस्ट्रेलियाने दिला नाही. न्यूझीलंडने दिला.

क्रम असा. नोव्हेंबर २०१९ मध्ये ख्राइस्टचर्चच्या साहित्य महोत्सवाचं आमंत्रण आणि एक महिन्याचा अभ्यागत व्हिसा. पापुआ न्यू गिनीची राजधानी पोर्ट मोरेस्बी, तिथून न्यूझीलंडला जायची सरळ वाट ऑस्ट्रेलियावरून जाते. ती टाळून तो मनिलामार्गे ऑकलंडला गेला. नकाशा उघडून बघा, म्हणजे हा वळसा केवढा ते कळेल : आधी उत्तरेला फिलिपिन्स, मग पुन्हा सगळं अंतर दक्षिणेला. १४ नोव्हेंबरला उतरला. पुढे तिथेच आश्रयासाठी अर्ज केला आणि तो जुलै २०२० मध्ये मंजूर झाला, त्याच्या ३७व्या वाढदिवसाच्या आगेमागे. कँटरबरी विद्यापीठात संशोधक म्हणून नेमणूकही तेव्हाच जाहीर झाली. ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर मोकळा माणूस म्हणून पाऊल ठेवलं ते थेट २०२२ च्या अखेरीस, पुस्तकांच्या कार्यक्रमासाठी. फेब्रुवारी २०२३ मध्ये कॅनबेराच्या संसदभवनात जाऊन बोलला.

न्यूझीलंडने दरवर्षी १५० जणांना घ्यायची तयारी २०१३ पासूनच दाखवली होती. ऑस्ट्रेलियाने ती मार्च २०२२ मध्ये मान्य केली, तीन वर्षांत ४५० जणांसाठी. मधली नऊ वर्षं कुणाच्या खात्यात लिहायची ते तुम्हीच ठरवा.

---

अक्षरखूण

पहिल्याचं उत्तर मी देतो. टोपणनावं दोन कारणांसाठी आहेत. छावणीतल्या माणसाची ओळख पटली तर त्याच्या मायदेशातल्या नातेवाइकांना त्रास आणि इथे अर्जावर परिणाम, म्हणून पात्रं अनेक माणसं मिळून एक अशी घडवलेली आहेत. दुसरं कारण वाङ्मयीन. छावणीत प्रत्येकाला बोटीवरून दिलेला क्रमांक हेच नाव, बूचानीचा 'एमईजी ४५'. त्या क्रमांकाच्या जागी तो माणसांना त्यांच्या खोडीवरून, चालण्यावरून, आवाजावरून नाव देतो. बोटीवरच्या एका बाईला तर इराणी अभिनेत्रीवरून 'आमची गोलशिफ्ते'.

जे तिथे मेले, त्यांची नावं मात्र खरी आहेत. रेझा बराती, वय २३, १७ फेब्रुवारी २०१४ च्या रात्री छावणीवरच्या हल्ल्यात मारला गेला. हमीद खझाई, वय २४, पायाच्या जखमेतून झालेल्या जंतुसंसर्गाने सप्टेंबर २०१४ मध्ये ब्रिस्बेनच्या रुग्णालयात गेला. क्वीन्सलँडच्या कॉरोनरने, म्हणजे मृत्यूच्या कारणांची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, २०१८ मध्ये निकाल दिला की हा मृत्यू टाळता आला असता. उपचाराला बाहेर हलवायची परवानगी वेळेत मिळाली नाही.

(१७ फेब्रुवारी. वर्षापूर्वी त्याच तारखेला 'वेर्या'वर धाड पडली होती.)

---

काळी मिरी

रांगांबद्दल कुणीच बोललं नाही? माझ्या मते पुस्तकाचा गाभा तिथे आहे.

जेवणाची रांग, गोळ्यांची रांग, फोनची रांग, दाढीच्या ब्लेडची रांग, संडासची रांग. जेवायला एका वेळी थोडीच माणसं आत सोडतात. आधी गेलेल्याला कधी फळ किंवा केक मिळतो, शेवटच्याला उरलंसुरलं. कधी काय मिळेल याला नियम नाही. नियम नसल्यामुळे उन्हात तास तास आधी उभं राहणं हाच एक उपाय उरतो, आणि मग माणूस शेजारच्याकडे भाऊबंद म्हणून न बघता आपल्या पुढे घुसणारा म्हणून बघायला लागतो. पहारेकऱ्याने काही करायची गरज राहत नाही. बूचानीचं म्हणणं असं की तुरुंगाचा हेतू मारणं हा नसून कैद्याला कैद्याचा तिटकारा यायला लावणं हा आहे. मारहाणीच्या वर्णनाने जे साधत नाही, ते इथे एका रांगेच्या वर्णनाने साधलंय. पाल्हाळ वाटेल इतकं लांब आहे ते, आणि ते तसं लांब असायलाच हवं होतं. वाचणाऱ्यालाही उभं केलंय रांगेत.

पत्रकार म्हणून तो ऑस्ट्रेलियन दैनिकांत लिहीत होताच, सुरुवातीला नाव न देता. पण बातमीची भाषा या अनुभवाला पुरत नाही, हे काम साहित्यानेच होईल, असं त्याने स्वतः वारंवार मांडलंय.

---

शब्दवेल्हाळ

भाषेबद्दल विचारलंत म्हणून थोडं सविस्तर. फारसीतून बघितलं तर मराठी माणसाला या पुस्तकात शिरायला इंग्रजी वाचकापेक्षा जवळची वाट आहे.

लेखकाच्या नावापासून सुरू करा. 'बेह' म्हणजे चांगला आणि 'रूझ' म्हणजे दिवस, तोच आपल्या रोज, रोजंदारी, रोजनिशीतला 'रोज'. फारसी शीर्षक : 'हीच दूस्ती बे जोझ कूहेस्तान'. यातला 'हीच' आपला नव्हे, त्याचा अर्थ 'एकही नाही'. दूस्त म्हणजे दोस्त, कूह तोच जो कोहिनूरमध्ये आहे, कूहेस्तान म्हणजे डोंगराळ मुलूख. डोंगरांवाचून कुणी मित्र नाही, ही मूळ कुर्द म्हण.

आता महत्त्वाचा शब्द. पुस्तकात तुरुंग चालवणाऱ्या अदृश्य यंत्रणेला इंग्रजीत 'किरिआर्कल सिस्टिम' म्हटलंय. एलिझाबेथ शुस्लर फिओरेंझा या स्त्रीवादी धर्मअभ्यासकांनी १९९२ मध्ये 'किरिआर्की' हा शब्द घडवला. सत्ता एका उतरंडीत नसते, वर्ण, वर्ग, लिंग, वसाहतवाद अशा अनेक उतरंडी एकमेकींत गुंतलेल्या असतात, असा अर्थ. इंग्रजी वाचक या शब्दाला ठेचकाळतो. पण बूचानीने फारसीत लिहिलंय 'सिस्टमे हाकेम'. हाकेम! आपला हाकिम, हुकूम, हुकमत. मराठीत 'हाकिमी व्यवस्था' म्हटलं तर अर्धी तळटीप वाचते. अनुवादकाने अवघड शब्द निवडला तो मुद्दाम, कारण 'सत्ताधारी व्यवस्था' म्हटलं की वाचकाला सरकार एवढंच दिसलं असतं. ते समजतं, पण मराठीत तेच ओझं उचलायची गरज नाही.

आणखी एक जोडी. फारसीत 'पनाहजू' म्हणजे आश्रय शोधणारा आणि 'पनाहंदे' म्हणजे आश्रय मिळालेला. कायद्याने हा फरक फार मोठा. आपण दोघांनाही सरसकट 'निर्वासित' म्हणतो आणि बातम्यांत घोळ घालतो. निर्वासित शब्दात घर सुटल्याचं सांगितलंय, पुढे दार उघडलं की नाही ते सांगितलेलं नाही. पनाहजूला 'आश्रयार्थी' बरा.

---

तिरकस

हाकिमी व्यवस्था आवडलं. पण मुळात कुर्द माणूस फारसीत का लिहितो?

---

शब्दवेल्हाळ

इराणात शाळा फारसीत. कुर्दी घरात आणि गाण्यांत, शिक्षण आणि छपाई फारसीत. शिवाय मन्सूबी आणि तोफिगियान ही साखळी फारसीची होती. यातला पेच त्याला माहीत आहे. कुर्दी भाषेच्या हक्कासाठी मासिक चालवलेला माणूस फारसीत लिहितो, ते पुस्तक इंग्रजीत गाजतं. मजकुरात मात्र कुर्दी गाणी, डोंगर, ओकची झाडं डोकावत राहतात. पेशमर्गांत, म्हणजे कुर्दांच्या सशस्त्र लढवय्यांत, सामील व्हायचं की नाही, हा तरुणपणीचा झगडाही त्याने लिहिलाय. बंदूक नाकारून लेखणी धरली, आणि तरी ती भेकडी तर नव्हती ना, हा प्रश्न त्याला सोडत नाही.

---

चिमणचारा

इंग्रजीत मध्येच कविता का येतात, हे कुणी सांगेल का? पहिल्या प्रकरणातच गद्य चालू असताना ओळी तुटतात.

---

अक्षरखूण

त्यातला मोठा भाग अनुवादाच्या निर्णयाचा आहे. फारसी वाक्य लांब पल्ल्याचं असतं. एका 'के'ला दुसरा 'के' जोडत प्रतिमांवर प्रतिमा चढवत नेता येतात. (आपला 'की' फारसीतूनच आला असं मानतात.) इंग्रजीत असं वाक्य ठेवलं तर ते वाटेतच कोसळतं, आणि तुकडे करून साधं गद्य केलं तर लय जाते. तोफिगियान यांनी तिसरा मार्ग काढला : जिथे वाक्य फार भरलं तिथे ते ओळींत मोडून मुक्तछंदासारखं मांडलं. पुस्तकाच्या एकूण शैलीला त्यांनी नाव दिलंय 'भयावह अतिवास्तववाद'.

जमेची बाजू म्हणजे मजकूर श्वास घेतो. उणी बाजू अशी की काही ठिकाणी साधा तपशीलही कविता असल्याचा आव आणतो. ट्रकमधून किनाऱ्याकडे जातानाच्या रात्रीला ही मोडणी शोभते. तिसऱ्यांदा रांगेच्या वर्णनात ती येते तेव्हा मला खटकली.

मराठीत क्रियापद फारसीसारखंच शेवटी येतं. त्यामुळे कुणी मूळ फारसीवरून मराठी करायला घेतलं, तर ही तोडमोड बरीच कमी करता येईल. इंग्रजीवरून केलं तर इंग्रजीसाठी केलेली तडजोड आपण फुकट डोक्यावर घेऊ.

सुरुवातीची अनुवादकाची दीर्घ टीप आधी वाचू नका, असं सुचवेन. बारा प्रकरणं संपवा, मग ती आणि शेवटचं टिपण एकदम वाचा. आधी वाचलं तर प्रत्येक पानावर सिद्धांत शोधत बसाल.

---

नर्मदेचा गोटा

अनुवादाचा विषय निघालाच आहे तर माझी एक अडचण. पुस्तकात एक पात्र आहे, 'द काऊ'. प्रत्येक जेवणाच्या रांगेत पहिला, दिसेल ते खाणारा. याला मराठीत 'गाय' म्हणून चालणारच नाही. आपल्याकडे गाय म्हणजे गरीब, मुकी, सोशिक. फारसीत 'गाव' हा शब्द गाय आणि बैल दोघांनाही चालतो, भाषेत लिंगच नाही, आणि 'गावासारखं खाणं' हा तिथे टोमणा. मग आपण काय म्हणायचं? बैल? तो तर राबणारा. रेडा जवळचा, पण रेड्यात माज आहे आणि हा माणूस माजलेला नाही, फक्त शरम सोडलेला आहे.

---

काळी मिरी

'बकासुर' सोपा वाटेल पण घेऊ नका, त्याबरोबर अख्खं महाभारत येतं. 'खादाड' म्हणा आणि प्राणी सोडून द्या.

---

नर्मदेचा गोटा

प्राणी सोडला तर टोपणनाव जातं आणि नुसतं विशेषण उरतं. 'पोळ' कसं वाटतं? सोडलेला वळू, कुणाच्याही शेतात तोंड घालणारा, कुणी हटकत नाही.

---

शब्दवेल्हाळ

पोळ!! झकास. हेच.

---

दर्यावर्दी

'छावणी' शब्दावर माझा आक्षेप आहे, आणि वर मीच तो वापरलाय. आपल्याला छावणी म्हटलं की लष्कराची किंवा दुष्काळातली चारा छावणी आठवते, म्हणजे काहीतरी तात्पुरतं, सोयीचं. सरकारी नाव होतं 'प्रादेशिक प्रक्रिया केंद्र'. बूचानीने पहिल्यापासून हट्टाने लिहिलं 'मानुस तुरुंग', आणि उपशीर्षकातही तेच ठेवलं. त्याचं कारण साधं : कैद्याला शिक्षेची मुदत माहीत असते, इथे तीही नव्हती. मग याला केंद्र कुठल्या तोंडाने म्हणायचं?

कायद्यानेही पुढे तेच म्हटलं. पापुआ न्यू गिनीच्या सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०१६ रोजी ही स्थानबद्धता त्या देशाच्या राज्यघटनेतल्या व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काविरुद्ध आहे असा निकाल दिला. जून २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात १,९०५ जणांच्या सामूहिक दाव्यात ७ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरची तडजोड झाली, अर्थात चूक कबूल न करता. ३१ ऑक्टोबर २०१७ ला तळावरची जागा बंद केली, म्हणजे वीज, पाणी, अन्न, औषधं सगळं तोडलं. सुमारे ६०० जण बाहेर पडायला तयार नव्हते. लोरेंगाऊच्या नव्या जागा पुऱ्या झाल्या नव्हत्या आणि गावात हल्ल्याची भीती होती. त्यांनी जमीन खणून विहिरी केल्या, कचऱ्याच्या डब्यांत पावसाचं पाणी धरलं. २३ दिवस. शेवटी पोलिसांनी जबरदस्तीने हलवलं. बूचानीला त्या दिवशी बेड्या घालून काही तास धरून ठेवलं होतं. तोवर तो रोज बातम्या पाठवत होता.

---

पाऊलवाट

चित्रपटाचा उल्लेख राहू नये. 'चाऊका, प्लीज टेल अस द टाइम', २०१७. नेदरलँड्समधले अराश कमाली सर्वेस्तानी आणि बूचानी असे दोन दिग्दर्शक. शूटिंग सगळं बूचानीने मानुसवर चोरून फोनवर केलेलं. अडचण होती ती आकाराची. व्हिडिओची फाइल मोठी, बेटावरचं इंटरनेट मरतुकडं. म्हणून छोटे छोटे तुकडे घ्यायचे, ते पाठवायचे, नेदरलँड्समध्ये ते बघून आवाजी मेसेजवर सूचना यायच्या, मग पुढचं चित्रण. तिपाई नाही, आणि फोन सारखा हातात दिसला तर संशय, त्यामुळे चित्रं बरीचशी कुंपण, जाळी, पाय, झाडं अशी. ती मर्यादाच चित्रपटाचा चेहरा झाली. सिडनी चित्रपट महोत्सवात दाखवला गेला तेव्हा एक दिग्दर्शक बेटावर अडकलेला.

चाऊका हा मानुसचा पक्षी, प्रांताच्या झेंड्यावरही आहे. तिथले लोक त्याच्या ओरडण्यावरून वेळ सांगतात. आणि छावणीतल्या एकांतकोठडीला याच पक्ष्याचं नाव दिलं होतं. स्थानिक माणसाला हे ऐकून काय वाटलं असेल, ते चित्रपटात बघण्यासारखं आहे.

---

चिमणचारा

पुरस्कारांचं नेमकं काय झालं? नियमात बसत नव्हता असं वाचलं होतं.

---

पाऊलवाट

बरोबर. व्हिक्टोरिया राज्याच्या साहित्य पुरस्कारासाठी लेखक ऑस्ट्रेलियाचा नागरिक किंवा कायमचा रहिवासी असावा लागायचा. त्याच्यासाठी अपवाद केला. ३१ जानेवारी २०१९ ला ललितेतर गद्याचा २५ हजार आणि सर्वोच्च 'व्हिक्टोरियन प्राइझ फॉर लिटरेचर'चा १ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर असे दोन्ही मिळाले. मेलबर्नला पुरस्कार घेतला अनुवादकाने, लेखकाचं भाषण व्हिडिओवरून. त्याच वर्षी चरित्रासाठीचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. ज्या देशाने दारात येऊ दिलं नाही, त्याच देशाच्या साहित्यात गणना! २०२२ मध्ये त्याच्या लेखांचा संग्रह आला, 'फ्रीडम, ओन्ली फ्रीडम'. तोही त्याच दोघांनी, तोफिगियान आणि मन्सूबी यांनी, अनुवादून संपादित केलेला. पहिल्या पुस्तकात न आलेला २०१४ नंतरचा काळ हवा असेल तर हा घ्यावा, कारण पहिलं पुस्तक बरातीच्या मृत्यूपाशी थांबतं.

---

नर्मदेचा गोटा

अनुवादाचा आणखी एक तुकडा टाकतो, माझ्या मते पुस्तकातला सगळ्यात छोटा आणि सगळ्यात धारदार प्रसंग. फॉक्समध्ये काही जण एका पांढऱ्या प्लॅस्टिकच्या टेबलावर मार्करने तख्ते-नर्दचा पट आखतात. हा इराणी लोकांचा आवडता खेळ, आपल्या सारीपाटाच्या जातीचा, फासे टाकून सोंगट्या हलवायचा. सोंगट्या म्हणून पाण्याच्या बाटल्यांची झाकणं. थोडा वेळ माणसं हसतात, भोवती गर्दी जमते. मग पहारेकरी येतात, पटावर रेघोट्या मारून तो खोडतात आणि त्याच टेबलावर दोन शब्द लिहून जातात : 'गेम्स प्रोहिबिटेड'.

याचं काय करायचं? 'खेळ निषिद्ध' फार संस्कृत होतं. 'खेळू नये' म्हटलं तर शाळेतली पाटी.

---

शब्दवेल्हाळ

सरकारी कचेरीच्या भिंतीवर असते तशी लिहा : 'खेळण्यास सक्त मनाई आहे.' आणि खाली, बारीक अक्षरात, 'हुकमावरून'. मूळात तो शब्द नाही हे मान्य. पण वर हाकिमी व्यवस्था ठेवणार असाल तर इथे तिची सही दिसेल.

---

काळी मिरी

मूळात नसेल तर घालू नका. पाटीखाली कुणाचंच नाव नाही, म्हणून तर ती पाटी तशी आहे.

---

शब्दवेल्हाळ

हे पटलं. 'हुकमावरून' काढलं.